एका दोरीला दोन हात

१

भोंगा वाजला, अख्खं गाव घराबाहेर पडलं, ग्यानोबा मेला. आणि भुई मात्र हललीच नव्हती.

मी व्यंकटी. उभा जन्म एसटीत कंडक्टरकी केली. जळकोटच्या फाट्यावर माझ्या गाडीत वाघ चढला आणि त्यानं अर्धं तिकीट मागितलं, हे मी सांगतो तेव्हा लोक हसतात. हसा बापडे. पण ह्या गोष्टीत वाघ नाही. वाघ परवडला असता.

आमची नवी चिंचाळी किल्लारीकडं जाणाऱ्या जीपच्या वाटेवर आहे. त्र्याण्णव साली जुनं गाव भुईनं गिळलं, मग माळावर हे नवं बसवलं. सिमेंटची घरं, सरळ गल्ल्या. तरी इथं पन्नाशीपुढचं माणूस आतून कडी लावत नाही आणि उशाच्या भिंतीला जड फळी ठोकत नाही. मधे काही वर्षं जमिनीतून गुरगुर येऊ लागली, तेव्हा गावच्या मंडळानं भुईला कान बसवला. म्हणजे शाळेमागं खड्ड्यात एक यंत्र पुरलं. त्याची तार पंचायतीशेजारच्या खोलीतल्या काँप्युटरला, आणि काँप्युटरची तार छपरावरच्या भोंग्याला. सगळ्याला इन्व्हर्टर, म्हणजे लाइट गेली तरी चालावं. मोठ्या धक्क्याच्या आधी बारीक थरथर येते. ती कान पकडतो, भोंगा ओरडतो, आणि माणसाला उंबरठा ओलांडण्यापुरती सवड मिळते. तेवढीच. पण आम्हाला उंबरठ्याची किंमत माहीत आहे.

दसरा नुकताच झाला होता. दिवेलागणीला लाइट गेली, आणि अंधारात भोंगा सुरू झाला. म्हशी दावं तोडून पळाल्या. बायका पोरांना बगलेत मारून निघाल्या. ग्यानोबा ओट्यावरून उतरला, छातीवर हात ठेवला आणि लिंबाच्या बुडाशी बसला. बसला तो बसलाच.

त्र्याण्णवला दिवसभर ढिगाऱ्याखाली राहून जगलेला माणूस! आता मोकळ्या आभाळाखाली, नुसत्या आवाजानं गेला.

बाहेर आम्ही थरथरत उभे होतो. अर्धं गाव शपथेवर सांगत होतं की भुई हलली. मांडणीवरचा एक पेला पडला नव्हता.

२

पुढं भोंगा पुन्हा वाजला. मग पुन्हा. दर वेळी लाइट गेली की थोड्या वेळानं. लोक म्हणू लागले, ग्यानोबा बोलावून राहिलाय. संध्याकाळी बल्ब मिणमिणला की आया पोरांना उचलायला धावत. थंडीत सगळे अंगणात झोपू लागले. मीसुद्धा. मला भीती वाटत नाही, पण एकट्यानं आत झोपणं बरं दिसत नाही.

खोलीची किल्ली दिपालीकडं. ही पोरगी आमच्याच गावची, नांदेडला काँप्युटर शिकून आलेली. मंडळानं तिला यंत्रावर बसवलं होतं. ती सभेत उभी राहिली.

"भुई हलली म्हणून भोंगा वाजत न्हाई," ती म्हणाली. "कान बधिर झालाय म्हणून वाजून राहिलाय. कान गप झाला तर गावाला कळावं, म्हणून तशीच सोय केलीय. मशीन बंद करून चालू केली की कान पुन्हा ऐकतोय. कामून बधिर होतोय, ते शोधून राहिले मी."

"तू हात लावला की थांबतंय, मंग चालूबी तूच करत असशील!" मागून कोणीतरी म्हणालं.

मंडळाचे अध्यक्ष ईश्वरप्पा, किराणा दुकानवाले. कपाळावर भस्माचे तीन पट्टे, आवाज मऊ. ते म्हणाले, "पोरी, सध्या ती बधिरपणाची बोंब तेवढी बंद कर. खरा धक्का आला तर वाजू दे. लोक धास्तीनं मरून राहिलेत."

"अप्पा, मंग कान बधिर झाल्याचं कळायचं कसं?"

"बंद कर! बंद कर!" सगळी सभा ओरडली. मीही ओरडलो.

तिनं बंद केलं. दोन-चार दिवस छान शांततेत गेले. लाइट जायची, यायची, भोंगा गप्प. आम्ही पुन्हा घरात झोपायला लागलो.

आणि एका दुपारी, जेवणं चालू असताना, ताटातली आमटी हलायला लागली.

मग गुरगुर. मग धडक. गोठ्याची भिंत माझ्या डोळ्यांदेखत बसली. आम्ही धावलो ते आपल्या पायांच्या अकलेनं. भोंगा? भोंगा छपरावर तोंड उघडं टाकून मुका उभा होता.

त्या दिवशी कोणी मेलं नाही, ही शिवाची कृपा. पण संध्याकाळी दिपालीच्या दारात गाव जमलं, आणि त्यातल्या कुणाच्या हातात काठ्या होत्या हे मी सांगणार नाही. ठरलं असं: उद्या दिवस मावळायच्या आत पोरीला पोलिसांच्या हवाली करायचं आणि भोंगा उतरवून विहिरीत टाकायचा.

दिपालीनं एकच फोन केला. नांदेडला.

३

मंजुषा मॅडम सकाळच्या जीपनं आल्या. विष्णुपुरीकडं राहतात, पोरांना काँप्युटरच्या पोटातलं शिकवतात. दिपाली त्यांचीच विद्यार्थिनी. पाठीवर पिशवी, पायात चपला, आणि समोरच्याला बोलू देऊन आपण गप्प बसायची सवय. माझ्यासारख्याला हे माणूस फार धोक्याचं.

ईश्वरप्पांनी खोलीच्या दारात त्यांना चहा दिला. मॅडमनी विचारलं, "मशीन कुणी उघडलं होतं?"

"शिव शिव! कोण उघडतंय? खंडेनवमीला आम्ही पूजा केली, तीबी वरून वरून. हळद-कुंकू, झेंडूचा हार. झालं. किल्ली माझ्याकडं होती, दिपाली गावात नव्हती."

"कुठं होती?"

"नागपूरला, दीक्षाभूमीला," दिपाली म्हणाली. "दसऱ्याला दर साली जातोय आम्ही. नवमीला सकाळी किल्ली अप्पांकडं दिली आन् जीप पकडली."

मग लातूरहून उमाशंकर आला. यंत्र जोडून दिलं ते ह्यानंच. बोटात चार अंगठ्या, खिशात नव्या मशीनचं दरपत्रक. "मॅडम, कान म्हातारा झालाय. दुसरं काही न्हाई. नवं घ्या म्हणून मी कवाचं सांगून राहिलोय."

"कान गेला असता तर मशीन पुन्हा चालू केल्यावर ऐकला नसता," मॅडम म्हणाल्या. "मशीनमध्ये कार्डं किती?"

"दोन. एक कानाचं. दुसरं सिमचं. पावसाचे, लाइटचे मेसेज त्याच्यावरून लोकांना जातात. पंचायतीच्या तारेच्या नेटवरून माझ्या दुकानातबी दोन्हीची खबर दिसत राहती."

"सिम त्रास देतं का?"

"पहिल्यापासून," दिपाली म्हणाली. "टॉवरची बॅटरी मेलेली हाय. लाइट गेली की रेंज जातीय आन् सिम अडकतंय. मी पुन्हा चालू करायचे. दसऱ्यानंतर मात्र..." ती थांबली. "दसऱ्यानंतर ते एकटं कधी अडकलंच न्हाई, मॅडम. जवा अडकलं, तवा कानासंगं."

मॅडमनी चहा खाली ठेवला. पेला अर्धा तसाच होता.

माझ्याकडं वळून म्हणाल्या, "आणि तुम्ही, मामा?"

"मी काय केलं? गावात काही झालं की पहिलं व्यंकटीलाच धरतेत!"

"तुम्हाला दहशत घालायला आवडतं, असं ऐकलं."

"सांगायला आवडतं, मॅडम. घालायला न्हाई."

त्या हसल्या नाहीत. पडद्यावर यंत्राची आतली बातमी काढली, बोटानं खाली खाली सरकवत गेल्या. ज्या संध्याकाळी ग्यानोबा गेला, त्या संध्याकाळपाशी बोट थांबलं. इंग्रजीतली ओळ त्यांनी आम्हाला मराठीत वाचून दाखवली.

"सोळा नंबरची दोरी वाजत राहिली. कुणीच दखल घेतली नाही. दोरी बंद करतो आहे."

"हे कोण लिहिलं?" ईश्वरप्पांनी विचारलं.

"माणसानं नाही," मॅडम म्हणाल्या.

४

दारात ग्यानोबाची बायको पार्वतीबाई येऊन उभी होती. कधी आली कुणास ठाऊक. ती ओळ तिनंही ऐकली.

"त्र्याण्णवला हे ढिगाऱ्याखालून आवाज देत होते," ती म्हणाली. "दिसभर. वरून माणसं जाऊन राहिली, कुणी दखल घेतली न्हाई. आता मशीनबी तेच म्हणून राहिली का?"

मॅडमनी तिला खुर्ची दिली आणि मला विचारलं, "मामा, जुन्या एसटीत घंटीची दोरी असायची?"

"असायची की. एक घंटी थांब, दोन घंट्या चल."

"ह्या मशीनमध्येही एक ड्रायव्हर आहे. त्याला कर्नेल म्हणतात. तो गाडी हाकत असतो, मागं वळून बघायला त्याला फुरसत नाही. कार्डाला काही सांगायचं असलं की ते दोरी ओढतं. त्याला इंटरप्ट म्हणायचं. ड्रायव्हर हातातलं काम थांबवतो आणि त्या दोरीवरच्या कंडक्टरला विचारतो, तू ओढलीस का? तो हो म्हणाला की त्याचं काम करतो. आता समजा, एका दोरीला दोन कंडक्टर आहेत."

"भांडणं होतील."

"दोघं इमानदार असले तर होत नाहीत. पण सिमचा कंडक्टर अर्धवट आहे. मेसेज आला तर 'मी ओढली' म्हणतो. रेंज गेली की मात्र त्याचं कार्ड दोरी ओढतच राहतं, आणि हा म्हणतो, 'मी न्हाई ब्वा.' ड्रायव्हर कानाला विचारतो. कान खरं सांगतो, 'मीही नाही.' दोरी वाजतेय, वाजतेय, कुणीच कबूल होत नाही. शेवटी ड्रायव्हर वैतागतो आणि दोरीच कापून टाकतो. मग..."

"मंग कानाची घंटीबी गेली," मी म्हणालो. माझ्याच बसमध्ये कोणी दोरी कापल्यासारखं मला झालं. "भुई हलली, कानानं ऐकलं, दोरी ओढली..."

"आणि दोरी तुटलेली."

उमाशंकर एकदम उभा राहिला. "पण मी दोघांना एका दोरीवर ठिवलंच न्हाई! ह्या मशीनीत कार्डं बसवायची तीन घरं हायेत; पहिल्या आन् दुसऱ्या घराची दोरी एकच हाय, तिसऱ्याची येगळी. म्हणून सिम दुसऱ्यात घातलं, कान मुद्दाम तिसऱ्यात. पहिलं घर रिकामं सोडलं."

"हे कुणाला सांगितलं होतं?"

तो अंगठी फिरवू लागला. "कुणी इचारलंच न्हाई, मॅडम."

मॅडमनी दिपालीला बॅटरी धरायला सांगितली. यंत्राची पेटी आडवी ठेवलेली होती. तिची मागची बाजू भिंतीकडून वळवली. तिथं उभ्या तीन घरांच्या पत्र्याच्या पट्ट्या, एकीला एक लागून.

"कान," मॅडम म्हणाल्या, "आता पहिल्या घरात आहे."

दिपालीनं पेटीकडून दाराकडं पाहिलं. किल्ली तिची. खोली तिची. बाहेर लोक जमू लागले होते.

५

दिवस कलला तशी मॅडमनी सगळ्यांना शेजारच्या समाजमंदिरात बसवलं. पेटी आणि पडदा टेबलावर, तारा शेजारच्या खोलीतून खिडकीवाटे ओढलेल्या, पेटीची पाठ लोकांकडं. लोकांच्या नजरा दिपालीवर. ती भिंतीशी उभी, ओढणीचं टोक मुठीत.

"कुणीतरी कानाचं कार्ड तिसऱ्या घरातून पहिल्यात नेलं," मॅडम म्हणाल्या, "आणि पहिल्या घराची झाकणपट्टी तिसऱ्यावर लावली. कधी नेलं, ते कळलं की कुणी ते कळेल. ह्या तीन पट्ट्यांवर काय दिसतं, मामा?"

मी चष्मा लावून वाकलो. "गंधाचे पट्टे. तीन बोटांचे. अप्पांच्या हातचे, पूजेला पेटी फिरवून ठिवतेत तवाचे."

"किती जोड्या?"

बॅटरीच्या उजेडात मी पुन्हा पाहिलं. वर केशरी, ताजे पट्टे. त्यांच्याखाली पुसट, विटकरी, जुने.

"दोन जोड्या हायेत. ही यंदाची. ती गेल्या सालची."

"अप्पा भस्मात अष्टगंध कालवतात, म्हणून डाग राहतो. बोटं डावीकडून उजवीकडं ओढताना हात जरा वर चढतो. यंदाचे पट्टे बघा. तिन्ही पत्र्यांवरून सरळ चढत गेलेत, कुठं तुटलेले नाहीत. आता गेल्या सालचे बघा."

मी बघितलं. जुने पट्टे पहिल्या पत्र्यावर वर होते, मधल्यावर मधे, तिसऱ्यावर पार खाली. चढण्याऐवजी पायऱ्या पडल्यासारखे उतरत होते. मनात पहिला आणि तिसरा पत्रा अदलाबदल केला, आणि रेघ जुळली.

"म्हणजे अदलाबदल गेल्या सालच्या पूजेनंतर झाली," मॅडम म्हणाल्या, "आणि यंदाचं गंध लागायच्या आत. उमाशंकर, नवमीच्या सकाळी तुमच्या दुकानात काय दिसत होतं?"

उमाशंकरनं मोबाइलमध्ये बघितलं. "सिम अडकलं होतं. मंग चालू झालं. कान... कान चालूच होता की!"

"मीच चालू केलं," दिपाली म्हणाली. "त्याच्यानंतर किल्ली दिली."

"मी साक्षी हाय!" मी उठलो. "माझ्या मोबाइलवर पावसाचा मेसेज..."

"बस रे, वाघवाल्या!" लोक म्हणाले. मी बसलो. उमाशंकरची साक्ष पुरेशी होती.

"त्या सकाळी सिम एकटंच अडकलं," मॅडम म्हणाल्या. "म्हणजे कान तेव्हा वेगळ्या दोरीवर, आपल्या जागी होता. दिपाली गावाबाहेर गेली. मग पूजा झाली. गंध लागलं तेव्हा कान पहिल्या घरात जाऊन बसला होता."

त्यांनी पेटीचं झाकण काढलं आणि दोन कार्डांच्या मधून चिमटीनं काहीतरी उचललं. झेंडूची वाळकी पाकळी.

"वरून वरून पूजा केली तर ही आत कशी गेली, अप्पा?"

ईश्वरप्पांनी कपाळावर हात नेला. पट्टे घामानं ओघळले होते.

"अय्यो शिवा," ते म्हणाले. सदऱ्याच्या बाहीनं कपाळ पुसलं. मग: "खंडेनवमीला तराजू धुतो, मापं धुतो. नांगर पुसतेत, गाडी धुतेत. मशीनीत धूळ किती होती! दोन इस्क्रू काढले, कार्डं पुसली, पाटावर मांडली. परत लावताना वाटलं, भुईनं आपल्याला एवढं दाखवलं, तिचा मान पहिला पाहिजे. तिच्या कार्डाला शेवटच्या घरात कामून बसवायचं? म्हणून पहिल्यात बसवलं. भोकं तर सारखीच दिसली. मानापोटी केलं हो."

"आणि ग्यानोबा गेल्यावर?" पार्वतीबाईनं विचारलं.

"गेल्यावर भ्यालो. वाटलं, माझ्याच हातानं झालं. ग्यानोबा माझ्या पंगतीतला माणूस. तोंडच उघडेना. पोरीला लोक बोलत होते, आन् मी..." ते दिपालीकडं वळले. हात जोडले, पण वर बघवेना.

दिपाली म्हणाली, "अप्पा, इचारलं असतं तर मी सांगितलं असतं. पाटावर तिचा मान पहिला ठिवायचा होता. पेटीत न्हाई."

६

मॅडमनी स्वतः कार्ड हलवलं. जुनी रेघ जुळली, ताजी तुटली. मशीन चालू करून सिमची एरियल काढली. सिम अडकलं. दिपालीनं शाळेमागं पोरं पिटाळली, त्यांनी जमिनीवर उड्या मारल्या, आणि पडद्यावर कानाची रेघ थरथरली. ऐकत होता! बधिरपणाची बोंबही तिनं पुन्हा चालू केली. ह्या वेळी कोणी बंद कर म्हणालं नाही.

लोक उठू लागले होते. तेवढ्यात लाइट गेली.

समाजमंदिरात मिट्ट काळोख. एक पोर रडायला लागलं, आईनं त्याचं तोंड दाबलं. आम्ही छपराकडं कान लावून उभे. इतक्या दिवसांचं सगळं भय त्या काळोखात येऊन बसलं होतं. आता वाजेल. आता वाजेल.

नाही वाजला.

कुणीतरी हसलं. मग सगळेच. ईश्वरप्पांनी डोळे पुसले.

आणि भोंगा वाजला.

हसू तोंडातच राहिलं. कुणी हललं नाही. अंधारात शंभर माणसं दिपाली होती तिकडं तोंड करून उभी. सगळ्यांच्या मनात एकच: परत? परत तेच? मी कंडक्टर माणूस, घंटी वाजली की पाय आपोआप उचलतो, पण माझेही पाय फरशीला चिकटले.

तेव्हा खुर्ची सरकल्याचा आवाज झाला.

"आवाज आला की दखल घ्यावी," पार्वतीबाई म्हणाली आणि दाराकडं निघाली. नवऱ्याला ज्या आवाजानं नेलं, त्या आवाजावर भरवसा ठेवून ती म्हातारी सगळ्यांत आधी उंबरठा ओलांडून गेली.

मग आम्ही. धक्काबुक्की, किंचाळ्या, कुणाची चप्पल कुणाच्या पायात. दिपाली दारात उभी राहून एकेकाला बाहेर ओढत होती. शेवटी ईश्वरप्पा. तिनं त्यांचा सदरा धरून हिसका दिला, आणि ते अंगणात पडले.

त्याच क्षणी भुई आली. पायाखालून, बैल अंग झटकतो तशी. आत काहीतरी धाडकन कोसळलं.

लाइट आल्यावर पाहिलं. छताचा ढपला सुटून अध्यक्षांच्या खुर्चीवर पडला होता. खुर्चीचे तुकडे झाले होते. तिच्यावर बसणारा माणूस बाहेर मातीत बसून एका पोरीचा हात सोडायला तयार नव्हता.

भोंगा अजून छपरावर आहे. येत्या खंडेनवमीला पूजा होईल, पेटी दिपाली उघडेल, गंध अप्पा लावतील, आणि पाकळ्या मी मोजून घेणार आहे. त्या रात्री भोंगा थांबल्यावर माझा वाघ माळावर येऊन गेला आणि सगळे सुखरूप आहेत ना म्हणून विचारून गेला, हे कोणी मानत नाही. नका मानू. पण आमच्याकडं मुक्कामाला आलात आणि भोंगा वाजला, तर खरं का खोटं ते अंगणात गेल्यावर ठरवा.